नऊ घरांची शिळी भाकरी

शके अठराशे अठ्ठ्याऐंशी. माघ वद्य तृतीया. थंडी सरली होती, ऊन अजून तापलं नव्हतं. ज्वारी उपटून शेतात आडवी पडली होती आणि आभाळ भरून आलं होतं. माघात आभाळ भरलं की कुणबी आधी रानाकडं बघतो.

त्या साली एका गावात एक ताठ मानेचा कुणबी राहत होता. जन्मनाव हैबती. पण कुणी हैबती म्हणून हाक मारली तर तो मान वळवत नसे. हैबतराव म्हटलं तरच ओ देई. त्याची जमीन चांगली होती, बैल चांगले होते, आणि सून तर फारच चांगली होती. तिचं नाव हौसा. सासू नव्हती. घर हौसाच्या हातावर चाललं होतं. हैबतीला वाटे, ते आपल्या मिशीवर चाललंय.

त्या गावात इर्जिकीची रीत होती. एकट्याच्यानं उरकणार नाही असं काम निघालं की माणसानं घरोघर जाऊन सांगायचं, उद्या माझ्याकडं इर्जिक. मग शेजारी आपापले बैल, आपापल्या गाड्या घेऊन येत. मजुरी कुणी घेत नसे. मजुरीचं नाव काढणंही वाईट समजत. काम झालं की ज्याची इर्जिक त्यानं सगळ्यांना जेवू घालायचं.

काय जेवू घालायचं, याला नियम नव्हता. कधी, याला होता.

काम सुटलं की बैल यजमानाच्या दारात बांधायचे आणि त्यांच्यापुढं वैरण टाकायची. पहिल्या बैलाची वैरण संपायच्या आत माणसांपुढं पान वाढलेलं पाहिजे. कारण सरळ आहे. दिवसभर राबलेल्या माणसाला घरी जाऊन म्हैस पिळायची असते, पाणी भरायचं असतं. त्याला ताटकळत ठेवणं म्हणजे त्याच्याकडून फुकट आणखी घेणं. वैरण संपली आणि पान आलं नाही, तर माणसं उठून जात. मग ती इर्जिक उघडी राहिली असं म्हणत. उघडी इर्जिक मिटवल्याशिवाय त्या दारात पुन्हा कुणी मदतीला पाय ठेवत नसे. मग तो पाटील असो की सावकार.

हैबतीची ज्वारी शेतात होती. रानातून उचलून खळ्यावर आणायची, कणसं आत आणि ताटं, म्हणजे धांडे, बाहेर करून रचायची. या रचलेल्या ढिगाला बुचाड म्हणतात. बुचाडावर पाचटाचं छप्पर घातलं की पावसाची भीती नाही. पण एकट्याच्या गाडीनं पाच दिवस लागले असते आणि आभाळ पाच दिवस थांबणार नव्हतं. घरात आठ तोंडं होती. वर्षाची भाकरी त्या रानात पडली होती.

हैबतीनं इर्जिक सांगितली. नऊ घरांतून पंचवीस माणसं आली. सतरा बैल आले. सतरा यासाठी की ठकूबाईकडं एकच बैल होता. ती विधवा. जोडीतला दुसरा बैल गेल्या साली दगावला होता. राहिलेल्याचं नाव कवड्या. पांढरा, अंगावर तांबडे ठिपके, आणि गावात सगळ्यांत खादाड. ठकूबाईनं त्याला हैबतीच्या एका बैलाशेजारी जुंपला आणि स्वतः कासरा धरला.

"बाई, तू कशाला? मी हाकतो की," एक जण म्हणाला.

"माझा बैल माझंच ऐकत नाही, तुझं काय ऐकणार?" ठकूबाई म्हणाली आणि गाडी हाणली.

सकाळी निघताना हौसानं सासऱ्याला विचारलं होतं, "मामंजी, इर्जिकीला काय रांधू?"

"बघू," म्हणून हैबती निघून गेला.

बघू म्हणणारा माणूस नंतर दुसऱ्याच्या नावानं ओरडतो. हे लक्षात ठेवा.

हौसानं घरात काय आहे ते पाहिलं. आदल्याच दिवशी हैबतीच्या धाकट्या लेकीची सुपारी फुटली होती. शंभर माणसांचा स्वयंपाक झाला होता. पण आभाळ बघून परगावची निम्मी मंडळी आलीच नाहीत. दोन दुरड्या भाकरी उरल्या होत्या. एक मोठं पातेलं भात होता. वांग्याची भाजी आणि आमटी होती. हौसानं रात्री आमटीला कढ आणून ठेवला होता, पहाटे पुन्हा आणला. भात परातीत पसरून ठेवला होता. भाकरी धुतलेल्या धडप्यात गुंडाळल्या होत्या. एका घासालाही कुणाचं तोंड लागलेलं नव्हतं. सगळं धडधाकट अन्न होतं.

दुपार कलली तशी तिनं दोन चुली पेटवल्या. भाकरी हातानं कुस्करल्या, वर आंबट ताकाचा हबका मारला. कढईत तेल, मोहरी, ठेचलेला लसूण, भरपूर कांदा, हळद, तिखट, मूठ मूठ शेंगदाणे. त्यात कुस्करा टाकून परतला आणि वर झाकण ठेवलं. वाफेनं वाळली भाकरी कापसासारखी झाली. ती परातीत काढून झाकली. दुसऱ्या चुलीवर भात परतला. उरलेली वांगी आमटीत घोटली, आमटी दाट झाली. वरून गुळाचा खडा आणि कोथिंबीर. पंचवीस माणसांचं जेवण एका माणसानं तंबाखू मळून खाऊन थुंकावी एवढ्या वेळात तयार झालं. थोडं वाढवून सांगतोय. पण थोडंच.

दिवस कासराभर वर होता. बुचाड रचून झालं होतं. छप्पर तेवढं राहिलं होतं. जेवून उठायचं आणि सगळ्यांनी मिळून छप्पर घालायचं असं ठरलं. बैल दारात बांधले. वैरण पडली. माणसं हातपाय धुऊन ओसरीपुढं ओळीनं बसली. पत्रावळी मांडल्या. फोडणीचा वास बाहेर आला तसे म्हातारे तात्याबा म्हणाले, "पोरीनं लसणाला न्याय दिलाय."

तात्याबा इर्जिकीतले सगळ्यांत वडीलधारे. तंटा झाला तर त्यांचा शब्द शेवटचा.

हैबती हात धुऊन आत गेला. त्यानं झाकण उचललं.

"हे काय?"

"फोडणीची भाकरी, मामंजी. परतलेला भात आहे, आमटी आहे. वाढायलाच घेतेय."

"भाकरी कधीची?"

"कालची."

"हैबतरावाच्या दारात पंचवीस माणूस बसलंय आणि तू त्यांना कालचं उष्टं वाढणार?"

"उष्टं नाही, मामंजी. उरलेलं आहे."

"एकच ते."

एक नव्हे. उष्टं म्हणजे तोंड लागलेलं. उरलेलं म्हणजे पुढच्या भुकेसाठी थांबलेलं. शेंबडं पोर हा फरक जाणतं. पण मिशीला पीळ घालणाऱ्याला तो दिसत नाही.

"गाव काय म्हणेल?" हैबती म्हणाला.

"गावाच्या तोंडात घास पडला तर काही म्हणणार नाही."

"उलटून बोलू नकोस. पुरण घाल. पोळ्या कर."

"डाळ अजून मडक्यात आहे. कणीक दळलेली नाही. बाहेर वैरण पडलीय, मामंजी."

"मी सांगतो त्यांना थांबायला. माझ्या शब्दाला काही किंमत आहे की नाही?"

हौसा वाटेत उभी राहिली. तिच्या हातात पळी होती. ती म्हणाली, "आधी हे वाढू द्या. पोळ्या मागाहून करते, हव्या तेवढ्या करते. पण आधी हे वाढू द्या."

हैबतीनं तिला बाजूला सारलं. परात उचलली आणि ओसरी उतरला. पंचवीस माणसांना वाटलं, यजमान स्वतः वाढायला आला. त्यांनी पत्रावळी नीट केल्या. हैबती त्यांच्यासमोरून सरळ गव्हाणीकडं गेला आणि परात बैलांपुढं उपडी केली. मग परत आत जाऊन भाताचं पातेलं आणलं. तेही उपडं केलं. वाफा निघत होत्या.

"मंडळी," तो मिशीवरून हात फिरवत म्हणाला, "हैबतरावाच्या घरी पाहुण्याला शिळं वाढत नाहीत. पुरणाचं होतंय. जरा दम धरा."

सकाळपासून पोटात चहाशिवाय काही नव्हतं. कवड्यानं कडबा सोडला आणि फोडणीच्या भाकरीत तोंड घातलं.

ठकूबाई त्याच्याकडं बघत म्हणाली, "सावकाश खा रे बाबा. माझ्या वाटचं आहे ते."

दोघं-तिघं हसले. ते हसणं बरं नव्हतं.

तात्याबांनी विचारलं, "डाळ शिजली का?"

"शिजत घालतायत."

"आत्ता?"

हैबती आत जाऊन हौसावर ओरडला. बाहेर आला. पुन्हा आत गेला. डाळ ओरडण्यानं शिजत नाही. बाहेर बैल शांतपणे खात होते. हळद लागलेल्या तोंडानं कवड्यानं भाकरी संपवली, भात संपवला, मग कडबा संपवला, मग रिकामी गव्हाण चाटली आणि हंबरला.

तात्याबा उठले. पटका बांधला.

"बैल जेवले. चला."

"तात्याबा, असं उठून जाऊ नका. पान वाढल्याशिवाय कसं जाता?"

"पान तू वाढलंस की. गव्हाणीत."

पंचवीस माणसं उठली. पत्रावळी तिथंच राहिल्या. ठकूबाईनं आपली पत्रावळ तेवढी उचलली, घडी घातली आणि कमरेला खोचली. म्हणाली, "दुसऱ्या कुणाच्या दारात लागेल."

पुरण शिजलं तेव्हा दारात कुणी नव्हतं. खायला घरातलीच माणसं होती. हैबती आणि त्याचा मुलगा, हौसाचा नवरा शिरपती, दोघंच खळ्यावर गेले. पंचवीस माणसांचं काम दोघांनी घाईनं केलं. छप्पर तिरकं बसलं. एका बाजूला फट राहिली.

दुसऱ्या दिवसापासून गावात एकच बोलणं झालं. हैबतरावाच्या इर्जिकीत बैल जेवले, माणसं उपाशी गेली. विहिरीवर तेच, देवळापुढं तेच. पोरं खेळताना एक बैल व्हायचा आणि एक हैबतराव.

हैबतीच्या कानावर हे गेलं. शहाणा माणूस असता तर त्याच दिवशी तात्याबांच्या दारात गेला असता. हा आणखी ताठला. त्यानं हौसाला हुकूम सोडला, "आजपासून या घरात घासभरसुद्धा अन्न उरता कामा नये. मोजून भाकरी थाप. उरली तर दिवस मावळायच्या आत जनावरांना घाल. शिळ्याचं नाव माझ्या घरात नको."

"बरं," हौसा म्हणाली. तिच्या मनात बरंच होतं. पण ते तिनं वेळेसाठी ठेवलं.

पाऊस दोन दिवस पडला. षष्ठीच्या सकाळी ऊन पडलं. हैबती खळ्यावर गेला. बुचाडाच्या फटीतून वाफ निघत होती. त्यानं आत हात घातला आणि चटकन काढला. आतली ज्वारी चुलीजवळच्या राखेसारखी ऊन झाली होती. एक कणीस ओढून काढलं. दाणा अजून पांढरा होता, पण टोकाशी काळी टिकली धरायला लागला होता.

कुणब्याला याचा अर्थ सांगावा लागत नाही. बुचाड आजच्या आज उलगडून उन्हात पसरलं तर ज्वारी वाचते. उद्या ती काळी पडते, परवा तिला कोंब येतात, आणि तेरवा जनावर तोंड लावत नाही. ते बुचाड दोघा-तिघांच्यानं एका दिवसात उलगडणारं नव्हतं.

हैबती गावात आला. पहिल्या घरी म्हणाला, "बुचाड तापलंय. या." घरातून उत्तर आलं, "इर्जिक उघडी आहे." दुसऱ्या घरीही तेच. तिसऱ्या घरी तो चिडून म्हणाला, "मजुरी देतो. दुप्पट देतो." त्या घरचा तरणा गडी दारात आला आणि म्हणाला, "आम्हाला कशाला? आमच्या बैलांना विचार. तुझ्याकडं जेवलेत ते."

दार लागलं.

शेवटी तो तात्याबांच्या अंगणात आला. तात्याबा दोर वळत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

"तात्याबा, वर्षाची भाकरी जळतेय माझी."

"आमची त्या दिवशीची जळली."

"चूक झाली म्हणतो. बोकड कापतो. पुरण घालतो. साऱ्या गावाला घालतो."

आता तात्याबांनी दोर खाली ठेवला. म्हाताऱ्याचा आवाज चढला. "अजून तुझी मिशी बोलतेय! तुझ्या पुरणाचे भुकेले आहोत का रे आम्ही? माझा बाप इर्जिकीला गेला तेव्हा त्याला मीठ आणि मिरची वाढली होती. पोटभर जेवून, आशीर्वाद देऊन आला. तू आमच्या पुढ्यातली भाकरी उचललीस. आमच्या डोळ्यांदेखत जनावराला घातलीस. आम्हाला जनावराखाली बसवलंस."

हैबतीचा हात मिशीकडं गेला आणि अर्ध्यातूनच खाली आला.

"इर्जिक जिथं तुटते तिथंच सांधायची. जे आमच्या पुढून उचललंस तेच पुढं ठेव. फोडणीची भाकरी. शिळी. ताजी भाजून फसवशील तर कळेल मला, दात नसले तरी कळेल. दिवस डोक्यावर आला की आम्ही बैल घेऊन येतो. तुझ्या हातानं वैरण टाक. वैरण संपायच्या आत पान आलं तर जेवू आणि बुचाड उलगडू. नाही आलं तर आल्या वाटेनं परत."

हैबती धावत घरी आला. धावत. गावानं त्याला कधी धावताना पाहिलं नव्हतं.

"हौसा, शिळी भाकरी किती आहे?"

"एकही नाही, मामंजी."

"चतकोर?"

"तुमचाच हुकूम आहे. मोजून थापते. काल अर्धी उरली होती, ती म्हशीला घातली."

"मग आज भाज. उद्या शिळी होईल."

"उद्या बुचाड काळं होईल."

हैबती उंबऱ्यावर बसला. चांगल्या जमिनीचा धनी, आणि घरात एक शिळा तुकडा नाही. ताजं हवं तेवढं होतं. शिळं विकत मिळत नाही. शिळं होण्यासाठी आदल्या दिवशी काळजी घ्यावी लागते.

"कुणाच्या घरी असेल?" त्यानं हळूच विचारलं.

"सगळ्यांच्या. पोरांच्या न्याहारीला बायका एक-दोन भाकरी ठेवतातच. पण मागाव्या लागतील."

"शिरपतीला पाठव."

हौसा इतके दिवस गप्प होती. आता तिनं पळी खाली ठेवली.

"परात त्यांनी उपडी केली नव्हती, मामंजी."

तिनं दुरडी आणून त्याच्यापुढं ठेवली. तीच दुरडी. वरचा धडपाही तोच.

हैबती दुरडी काखेत घेऊन निघाला. तात्याबांच्याच दारात आधी गेला. तात्याबांची बायको, तिला सगळे काकी म्हणत, चुलीपुढं होती.

"काकी... काही उरलंय का?"

"काय म्हणालास? मोठ्यानं बोल. मला कमी ऐकू येतं."

काकीचे कान चांगले होते. साऱ्या आळीला ठाऊक होतं.

"शिळी भाकरी आहे का, काकी? द्या."

"आहे की. दीड आहे. दुधात कुस्करून नातवाला देणार होते." तिनं ती धडप्यात ठेवली. "नातू आज ताजी खाईल. तेवढी शिक्षा त्याला."

पुढच्या घरची सून नवी होती. तिला लाज वाटली. मोठ्या घरच्या म्हाताऱ्याला शिळं कसं द्यायचं म्हणून तव्यावरची गरम भाकरी घेऊन आली. हैबतीनं हात मागं घेतला. "ताजी नको, मुली. कालची असेल तर दे." शब्द तोंडातून निघाले आणि त्याचं त्यालाच ऐकू आले. त्या पोरीनं तोंडाला पदर लावला आणि कालच्या दोन आणून दिल्या. हसत होती की काय, त्याला कळलं नाही.

एका घरी वाळलेलं पिठलं मिळालं. एकाकडं मटकीची उसळ, एकाकडं ताटलीभर भात. त्या तरण्या गड्याच्या घरी तीन भाकरी मिळाल्या, बाजरीच्या, आणि वर बोलणी. "बैलांना पुरतील ना, हैबतराव? सतरा आहेत." हैबतीनं बोलणी ऐकली आणि भाकरी घेतल्या. दोन्ही त्याचीच होती.

शेवटचं घर ठकूबाईचं. ती दारात बसून भाकरी खायच्या बेतात होती. एक भाकरी, शेजारी लसणाची चटणी.

"ठकूबाई, शिळी..."

"ही आहे. कालचीच." तिनं भाकरी आहे तशी उचलून दुरडीत टाकली. चटणीही पुडीत बांधून टाकली.

"ही तुझी न्याहारी आहे."

"हो."

"मग तू काय खाशील?"

"त्या दिवशी काय खाल्लं होतं?" ठकूबाई म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. म्हणून जास्त लागला. "जा आता. कवड्याला घेऊन येते. सकाळपासून बांधलाय, भुकेनं पेटलाय तो. त्याच्याशी गाठ आहे तुझी."

हैबती वळला.

"हैबती!" तिनं हाक मारली.

"ओ," हैबती म्हणाला.

"तेल कमी घालू नकोस म्हणावं सुनेला."

दिवस डोक्यावर आला. सतरा बैल दारात बांधले गेले. हैबतीनं स्वतः कडब्याच्या पेंढ्या सोडल्या आणि सगळ्यांपुढं टाकल्या. कवड्यानं मान खाली घातली ती वर केली नाही.

आत हौसाच्या दोन्ही चुली धडधडत होत्या. नऊ घरचं अन्न तिच्यापुढं होतं. ज्वारीची भाकरी, बाजरीची भाकरी, कुठली जाड, कुठली पातळ. सगळं मिळून पंधरा-सोळा भाकऱ्या. पंचवीस माणसांना ते पुरणारं नव्हतं. पण हौसाला उरलेलं वाढवायची कला येत होती. भाताला उसळ मिसळली. पिठलं आमटीच्या पाण्यात मोडून उकळलं, त्याला आंबट ताक लावलं. कांदे पायलीभर.

"मामंजी, भाकरी कुस्करा."

हैबती पाटावर बसला. त्यानं आयुष्यात भाकरी मोडली होती ती स्वतःच्या तोंडाएवढी. बाजरीची वाळली भाकरी खापरासारखी झाली होती. ती अंगठ्याखाली फुटेना.

"बारीक करा. म्हाताऱ्या माणसांचे दात नाहीत."

"करतो."

"लवकर."

"करतोय ना!"

"ओरडल्यानं भाकरी मोडत नाही, मामंजी."

बाहेरून ठकूबाईचा आवाज आला. "निम्मी संपली गं हौसा! हा काही माझं ऐकत नाही!"

मोहरी तडतडली. लसूण पडला. ठकूबाईची चटणीही हौसानं त्याच फोडणीत टाकली. कुस्करा पडला, ताक पडलं, झाकण बसलं. हैबती झाकणाकडं बघत राहिला. वाफ धरायला जो वेळ लागतो तो लागतोच. त्या वेळात त्याला कळलं, पंचवीस माणसांनी त्या दिवशी हा वास घेत ओळीनं बसून काय पाहिलं असेल. त्यानं परात जवळ ओढून घेतली.

"दोन पेंढ्या ताटं उरलीत!" बाहेरून आवाज आला. मग थोड्या वेळानं, "मूठभर!"

हौसानं झाकण काढलं, कढई परातीत उपसली. हैबतीनं परात उचलली. परात भाजत होती. फडकं घ्यायला तो थांबला नाही. ओसरी उतरला. गव्हाण डावीकडं होती, माणसं उजवीकडं. तो उजवीकडं वळला.

पहिली पत्रावळ तात्याबांची. मग पुढची. मग पुढची. हैबती धावत वाढत होता. शिरपती मागून आमटी वाढत होता, हौसा भात. शेवटची पत्रावळ ठकूबाईची. तीच त्या दिवशीची, घडीच्या वळ्या पडलेली. तिच्यावर भाकरी पडली तेव्हा कवड्याच्या तोंडात शेवटचं ताट होतं. अर्धं आत, अर्धं बाहेर.

तात्याबांनी पहिला घास घेतला. चावला. सगळे त्यांच्याकडं बघत होते.

"शिळी आहे," ते म्हणाले आणि दुसरा घास घेतला.

मग सगळे जेवले. पोटभर जेवले. कुणी बोललं नाही, कारण तोंडं भरलेली होती. आमटी दोनदा मागितली गेली. ठकूबाईनं पत्रावळीवरचं कांद्याचं एक पातंही ठेवलं नाही.

सगळ्यांत शेवटी हैबती बसला. परातीत काही नव्हतं. कढईच्या तळाला खरपूस खरवड लागली होती. हौसानं ती उलथण्यानं काढून त्याला वाढली. त्यानं ती खाल्ली. कढई पुसून खाल्ली.

पंचवीस माणसं हात धुऊन खळ्यावर गेली. दिवस मावळायच्या आत बुचाड उलगडलं आणि ज्वारी उन्हाला लागली. आतला एक थर काळा पडला होता. तो बाजूला काढला. बाकीची वाचली.

तात्याबांनी पटका झटकला. "इर्जिक मिटली," ते म्हणाले आणि घराकडं वळले.

तात्पर्य: भुकेल्याचा मान वेळेवर वाढण्यात असतो, वाढणाऱ्याच्या मिशीत नसतो, आणि उरलेलं अन्न जो फेकतो, त्याला एक दिवस तेच दारोदार मागावं लागतं.